संगणकांतील नकलांचें संकेतांतर

१. प्रस्तावना.— ऐतिहासिक कागदपत्रांच्या नकला लेखणीनें करण्याची चाल मागें पडून त्या संगणकावर उतरवून ठेवण्यास आरंभ झाला, त्यास आतां तीस-पस्तीस वर्षें होऊन गेलीं. संस्थांच्या व खासगी संग्राहकांच्या दफ्तरांत मोडी रुमालांच्या बालबोध नकला, याद्या, शकावल्या व सूची ह्या रूपानें पुष्कळ सांठल्या आहेत. त्यांपैकीं एखादी जुनी फाइल आज उघडली असतां कित्येकदां मराठीच्या ऐवजीं निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. तींतील एकहि अंक हललेला नसतो. हरवलेली असते ती वाचण्याची किल्ली. मूळ कागद सुस्थितींत असेल तर ही केवळ गैरसोय होय. परंतु मध्यंतरीं मूळ कागदास कसर लागली असेल, शाईनें कागद खाल्ला असेल किंवा रुमालच परागंदा झाला असेल, तर ती फाइल हाच त्या पत्राचा एकमेव साक्षीदार उरतो.

अशा फाइली नव्या संकेतांत आणण्याचें काम सामान्यतः यंत्रविद्येंतील कारागिरांचें समजलें जातें. आमच्या मतें तें संपादकाचें काम आहे, आणि नक्कल करणाऱ्यास जे नियम लागू तेच ह्या कामासहि लागू आहेत. हें काम कसें चालतें, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची रीत त्यास विशेष सोयीची कां, आणि त्यांत पुरावा नष्ट होण्याची भीति कोठें कोठें आहे, एवढें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

२. फाइलींत काय असतें.— संगणकाच्या फाइलींत अक्षर नसतें. ० पासून २५५ पर्यंतचे अंक असतात. अशा एका अंकास बाइट म्हणतात. कोणत्या अंकानें कोणतें अक्षर समजावें ह्याविषयींच्या ठरावास आपण वर्णसंकेत किंवा नुसतें संकेत म्हणूं. आमच्या वाचकांस कटपयादि पद्धति परिचित आहेच. तींत अक्षरांवरून अंक निश्चित होतो, परंतु नुसत्या अंकावरून अक्षर निश्चित होत नाहीं; १ म्हणजे क, ट, प, य ह्यांपैकीं कांहींहि असूं शकेल. फाइलीची स्थिति अशीच आहे. संकेताचें नांव कळल्यावांचून अंक मुके असतात.

अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या आस्की ह्या संकेतांत १२८ जागा होत्या व त्या रोमन लिपीपुरत्याच होत्या. भारतीय लिपींसाठीं इस्की हा संकेत १९८८ सालीं प्रसिद्ध झाला व १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें त्यास १३१९४ ह्या क्रमांकाचें मानक म्हणून मान्यता दिली. त्यांत क ह्या अक्षराचा अंक १७९ आहे. त्याच १९९१ सालीं जगांतील सर्व लिपींसाठीं योजिलेल्या युनिकोड संकेताचा पहिला खंड निघाला. त्यांतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे. मात्र तेथें क चा क्रमांक २३२५ आहे. एवढी मोठी संख्या एका बाइटांत मावत नाहीं. म्हणून यूटीएफ-८ ह्या प्रचलित लेखनपद्धतींत तिचे २२४, १६४ व १४९ असे तीन बाइट होतात. हेच तीन बाइट युरोपीय संकेताप्रमाणें वाचले तर एका क च्या जागीं तीन परदेशी चिन्हें उमटतात. फाइल तीच, अंक तेच. वाचणाराची समजूत मात्र चुकीची.

३. फॉन्टावर आधारलेले संकेत.— खरी अडचण इस्कीची नव्हे, फॉन्टावर आधारलेल्या संकेतांची आहे. छपाईच्या सुलभतेसाठीं फॉन्ट करणाऱ्या अनेकांनीं रोमन अक्षरांच्याच जागीं देवनागरीचे तुकडे बसविले. अर्धें अक्षर, काना, वेलांटी, रफार हे सर्व निरनिराळ्या घरांत ठेवले, ज्याप्रमाणें छापखान्यांत खिळ्यांच्या पेटींत निरनिराळे खण असत. प्रत्येक फॉन्टाची खणांची वांटणी निराळी. शिवाय खिळे जुळविणारा डोळ्यांस दिसेल त्या क्रमानें खिळे लावतो, उच्चाराच्या क्रमानें नव्हे. तीच गत येथें झाली.

कृतिदेव हा फॉन्ट उदाहरणादाखल घेऊं. त्यांत किल्ला हा शब्द १०२, १००, ८९, १२१, १०७ असा लिहिला जातो. १०२ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, १०० म्हणजे क, ८९ म्हणजे अर्धा ल, १२१ म्हणजे पूर्ण ल व १०७ म्हणजे काना. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधीं आली आहे. युनिकोडांत मात्र उच्चारक्रम पाळावयाचा असल्यामुळें क (२३२५), वेलांटी (२३६७), ल (२३५४), हलन्त (२३८१), ल (२३५४), काना (२३६६) असे सहा क्रमांक व्हावे लागतात. कर्ता हा शब्द तेथें १००, ११४, १०७, ९० असा आहे. म्हणजे क, त, काना व शेवटीं रफार. हा रफार कान्यावरून व त वरून मागें उचलून त च्या आधीं र व हलन्त ह्या रूपानें ठेवावा लागतो. कथा हा शब्द तर १००, ७०, १०७, १०७ असा आहे. त्यांत पहिला १०७ हा थ चा दंड असून दुसरा १०७ हा खरा काना आहे. अंक एकच, अर्थ दोन. आणि तो अर्थ शेजारावरून ठरतो. ह्यावरून दिसून येईल कीं, डाव्या रकान्यांत अंक व उजव्या रकान्यांत अक्षर अशी सारणी करून काम भागत नाहीं. सारणीच्या जोडीस क्रमाचे नियम लागतात, आणि ते प्रत्येक फॉन्टाबरोबर बदलतात.

४. मध्यस्थ संकेताची आवश्यकता.— कालगणनेचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. शालिवाहन शक, शुहूर सन, फसली, हिजरी, राज्याभिषेक शक ह्यांतील मितींचा मेळ घालतांना कोणी शुहूरावरून फसली, फसलीवरून हिजरी, हिजरीवरून राज्याभिषेक अशा प्रत्येक जोडीची वेगळी जंत्री करीत नाहीं. सर्व मित्या एका समान दिवसावर आणल्या म्हणजे कोणत्याहि मितीवरून कोणतीहि मिती काढतां येते. संकेतांचें तसेंच आहे. दहा निरनिराळे संकेत असून प्रत्येकावरून दुसऱ्या प्रत्येकावर थेट जावयाचें म्हटलें तर नव्वद प्रकारचें रूपांतर लिहावें लागेल. परंतु युनिकोड हा मध्यस्थ धरला तर प्रत्येकाची एक उकल व एक लेखन मिळून वीस पुरतात. पुढें अकरावा संकेत सांपडला तर दोनच नवीं रूपांतरें लागतात. जुन्यांस हात लावावा लागत नाहीं. चालू असलेल्या कामास धक्का न लागणें हा नकलांच्या बाबतींत मोठाच लाभ होय.

५. वर्ग आणि वस्तु.— आतां ही व्यवस्था प्रोग्रॅमांत कशी बांधतात तें पाहूं. नॉर्वेंत ऑस्लो येथें ओले-योहान डाल व क्रिस्टन नीगार्ड ह्यांनीं रचलेल्या सिम्युला ह्या भाषेच्या १९६७ च्या आवृत्तींत वर्ग व वस्तु ह्या कल्पना प्रथम प्रगट झाल्या. पुढें स्मॉलटॉक, जावा, पायथन इत्यादि भाषांनीं त्या उचलल्या. ह्या रीतीचें मर्म मराठेशाहींतील अठरा कारखान्यांच्या व्यवस्थेवरून सहज समजेल. प्रत्येक कारखान्याचा जिन्नस त्याच्या कोठारांत व हिशेब त्याच्याच वहींत असे. बाहेरच्या माणसानें चिठ्ठी द्यावी व जिन्नस घ्यावा. कोठारांत शिरून मांडणी बदलूं नये. प्रोग्रॅमांतील वस्तु म्हणजे असाच एक कारखाना होय. तिच्याजवळ स्वतःची माहिती असते, त्या माहितीवर चालणाऱ्या कृति असतात, आणि बाहेरून फक्त ठराविक मागणी करतां येते. अशा वस्तू ज्या नमुन्याबरहुकूम घडतात त्यास वर्ग म्हणतात.

आपल्या कामासाठीं प्रथम संकेत नांवाचा एक मूळ वर्ग करावा. त्याच्या कृति दोनच: उकल, म्हणजे बाइट घेऊन युनिकोड देणें, आणि लेखन, म्हणजे युनिकोड घेऊन बाइट देणें. फाइल उघडणें, कितवा बाइट चालू आहे तें मोजणें, अडलेल्या जागेची नोंद करणें हीं सर्वांस समान असलेलीं कामें ह्या मूळ वर्गांतच असावींत. त्यापासून दोन पोटवर्ग काढावेत. एक उच्चारक्रमाच्या संकेतांसाठीं, ज्यांत इस्की येईल. दुसरा आकृतिक्रमाच्या संकेतांसाठीं, ज्यांत सर्व फॉन्ट येतील. वेलांटी पुढें नेणें व रफार मागें आणणें ह्यांचे सर्वसाधारण नियम दुसऱ्या पोटवर्गांत एकदांच लिहावेत. मग प्रत्येक फॉन्टास आपली सारणी व आपले अपवाद एवढेंच द्यावें लागतें. बाकीचें त्यास वारशानें मिळतें. एखाद्या फॉन्टाच्या सारणींतील चूक सुधारली तरी दुसऱ्या फॉन्टाची उकल जशीच्या तशी राहते.

नुसत्या सारणीपेक्षां वस्तु सोयीची कां, ह्याचें आणखी एक कारण आहे. वस्तूस स्मरण असतें. इस्कींत सर्व भारतीय लिपींस अंक तेच असून लिपि बदलण्यासाठीं २३९ हा बाइट व त्यापुढें लिपीची खूण येते. ही खूण पुढील मजकुरास लागू असल्यानें ती लक्षांत ठेवावी लागते. इस्कींतच दंडाच्या २३४ ह्या अंकापुढें नुक्त्याचा २३३ आला तर दोन्ही मिळून अवग्रह होतो, आणि चंद्रबिंदूच्या १६१ पुढें तोच आला तर ॐ होतो. म्हणजे दंड दिसतांच दंड लिहून मोकळें होतां येत नाहीं. पुढचा बाइट पाहीपर्यंत थांबावें लागतें. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनीं वाचली जात असतां यूटीएफ-८ मधील क चे दोन बाइट एका तुकड्याच्या शेवटीं व तिसरा पुढील तुकड्याच्या आरंभीं पडणें शक्य असतें. उकल करणारी वस्तु ते दोन बाइट जवळ राखून ठेवते.

६. अडलेल्या जागीं काय करावें.— आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. सारणींत नसलेला बाइट आला तर काय करावें? जावा भाषेंत २००२ सालच्या १.४ ह्या आवृत्तीपासून संकेतांसाठीं स्वतंत्र वर्ग असून उकल करणाऱ्या वस्तूस तीनपैकीं एक आज्ञा देतां येते. तो बाइट गाळावा; किंवा त्याजागीं बदली चिन्ह घालावें; किंवा काम थांबवून अडचण कळवावी. पायथनमध्येंहि ह्याच तीन वाटा आहेत, आणि तेथें कांहीं न सांगितल्यास तिसरी वाट धरली जाते. जावांत मात्र बाइटांवरून थेट मजकूर करण्याचा जो सोपा मार्ग आहे तो कांहीं न बोलतां बदली चिन्ह घालतो. युनिकोडांत हें चिन्ह ६५५३३ ह्या क्रमांकाचें असून पडद्यावर तें बहुधा काळ्या चौकटींतील प्रश्नचिन्हासारखें दिसतें. एकदां तें फाइलींत लिहिलें गेलें कीं तेथें मूळचा बाइट कोणता होता हें त्या फाइलीवरून कधींहि कळणार नाहीं.

व्यापारी पत्रव्यवहारांत एखादें अक्षर गळलें तर वाचणारा तें समजून घेतो. इतिहासाच्या साधनांत शकाचा एक अंक गळला कीं पत्र दहा किंवा शंभर वर्षें इकडचें तिकडे होतें. नांवांतील एक अक्षर गळलें तर एका घराण्याची सनद दुसऱ्याच्या नांवें लागते. म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें असें कीं, साधनांच्या फाइलींस पहिली वाट पूर्णपणें वर्ज्य समजावी, दुसरी केवळ पाहणीपुरती वापरावी, व अखेरच्या प्रतीसाठीं तिसरीच धरावी. अडलेल्या प्रत्येक जागेची फाइलीचें नांव, बाइटाचें स्थान व बाइटाचा अंक अशी नोंद ठेवावी. कागद फाटलेला असतां संपादक जशीं टिंबें देतो व पदरचें अक्षर घातल्यास तें कंसांत घालतो, तसाच हा प्रकार आहे.

ह्याच न्यायानें संकेतांतराच्या वेळीं शुद्धलेखन सुधारण्याचा मोह टाळावा. मूळ नकलेंत ‘माहाराज’ असेल तर नव्या फाइलींतहि ‘माहाराज’च राहिलें पाहिजे. मोडी लेखक ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. तो भेद घालावा किंवा नाहीं हा वाचनाचा प्रश्न आहे, संकेताचा नव्हे.

७. दिसण्यांत एक, अंकांत भिन्न.— युनिकोडांत आणल्यावरहि एक कसोटी उरते. कऱ्हाड ह्या गांवाच्या नांवांतील चंद्राकृति र तीन तऱ्हांनीं लिहिलेला आढळतो. पहिल्या तऱ्हेंत ऱ (२३५३) व हलन्त. दुसरींत र (२३५२), नुक्ता (२३६४) व हलन्त. तिसरींत र, हलन्त व ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक. पडद्यावर तिन्ही सारखीच उमटतात, पण संगणक ते तीन निराळे शब्द मानतो. सूचींत कऱ्हाड शोधणाऱ्यास एक तऱ्हा सांपडते व इतर राहून जातात. आणि तीं पत्रें अस्तित्वांतच नाहींत असा तो निष्कर्ष काढतो. वऱ्हाड व गोऱ्हे ह्यांचीहि तीच कथा. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या नियमांनींच समान ठरविलेल्या असल्यामुळें सामान्यीकरण नांवाच्या प्रक्रियेनें एक होतात. तिसरी होत नाहीं, तिच्यासाठीं आपला स्वतंत्र नियम लिहावा लागतो. ॲ ह्या अक्षरास २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. त्यापूर्वींच्या फाइलींत तें अ व त्यावर चंद्र अशा जोडीनें लिहिलेलें असतें, आणि ही जोडी व तें अक्षर सामान्यीकरणानें एक होत नाहींत. इंग्रज अधिकाऱ्यांचीं नांवें शोधतांना हें ध्यानांत ठेवावें. असलें एकीकरण शोधासाठीं केलेल्या दुय्यम प्रतीवर करावें. मुख्य प्रत तशीच राहूं द्यावी.

८. संकेत ओळखणें व परतीची परीक्षा.— फाइल कोणत्या संकेताची हें बहुधा तींत नोंदलेल्या फॉन्टाच्या नांवावरून कळतें. निव्वळ मजकुराच्या फाइलींत तेंहि नसतें. अशा वेळीं सांकेतिक पत्राच्या उलगड्याची रीत उपयोगी पडते. पत्राचा मायना ठराविक असतो. आरंभीं ‘राजमान्य राजश्री’ असणार असें धरून तेथील अंकांशीं अक्षरें जुळवून पाहिलीं असतां सारणीचीं पुष्कळ घरें भरून निघतात.

रूपांतर झाल्यावर परतीची परीक्षा अवश्य घ्यावी. युनिकोडांत आणलेला मजकूर त्याच वस्तूच्या लेखन ह्या कृतीनें पुन्हां जुन्या संकेतांत न्यावा व निघालेले बाइट मूळ बाइटांशीं ताडून पाहावेत. सर्व जुळले तर कांहीं गळलें नाहीं अशी खात्री पटते. मात्र फॉन्टांच्या संकेतांत एकच आकृति दोन प्रकारें जुळवितां येते, त्यामुळें कांहीं जागीं फरक निघेल. तो प्रत्येक फरक डोळ्यांखालून घालून निकालांत काढावा. परीक्षा उतरली म्हणजे सारणी बरोबर आहे असें मात्र समजूं नये. क व ख ह्यांची अदलाबदल दोन्ही वेळां झाली तरी बाइट जुळतीलच. त्यासाठीं जुना छापील उतारा किंवा मूळ कागद समोर ठेवून कांहीं पानें ताडून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

९. मोडी व लिप्यंतर.— युनिकोडच्या ७.० ह्या आवृत्तींत, म्हणजे २०१४ सालीं, मोडी लिपीस स्वतंत्र स्थान मिळालें. तींत ७९ चिन्हें असून त्यांचे क्रमांक ७११६८ पासून सुरू होतात. जावांत अक्षराचें मूळ घर ६५५३५ पर्यंतचेंच असल्यामुळें मोडीचें एक चिन्ह तेथें दोन घरें व्यापतें. एक घर म्हणजे एक अक्षर असें धरून लिहिलेले प्रोग्रॅम मोडी अक्षराचे दोन तुकडे करण्याचा संभव आहे. पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मोडीवरून बालबोध करणें हें संकेतांतर नव्हे, तें लिप्यंतर आहे. संकेतांतरांत वाचकाच्या मतास जागा नाहीं; तें उलटें फिरविलें असतां मूळ हातीं आलें पाहिजे. लिप्यंतरांत शब्द तोडणें, ऱ्हस्वदीर्घ ठरविणें अशीं मताचीं कामें येतात व तीं उलटीं फिरत नाहींत. म्हणून दोहोंचे वर्ग सर्वस्वीं वेगळे ठेवावेत व दोहोंच्या प्रती वेगळ्या राखाव्यात. तसें न केल्यास चूक वाचणाराची कीं यंत्राची, हें पुढील अभ्यासकास सांगतां येणार नाहीं.

१०. संग्राहकांस विनंति.— ज्यांच्या संग्रहीं जुन्या फाइली आहेत त्यांनीं पुढील गोष्टी शक्य तितक्या लवकर कराव्यात. मूळ फाइल आहे तशी जपावी. रूपांतर नेहमीं तिच्या प्रतीवर करावें. तिच्या बाइटांवरून काढलेली ठशाची संख्या लिहून ठेवावी, म्हणजे पुढें एक बाइट जरी बदलला तरी तें उघड होईल; पत्राच्या अखेरीस मोर्तब करण्याचा जो हेतु, तोच हिचा. फॉन्टाचें नांव नोंदावें व फॉन्टाची प्रत फाइलीशेजारीं ठेवावी. तो फॉन्ट अजून चालणारा संगणक जवळ असेल तर प्रत्येक फाइलीचें एक तरी पान कागदावर छापून घ्यावें. असें एक छापील पान शेजारीं असलें कीं अज्ञात संकेताची सारणी नव्यानें बसवितां येते. तें नसेल तर अनुमानावर विसंबावें लागतें. रुमाल उलगडतांना आपण जी सावधगिरी बाळगतों तीच फाइल उघडतांना बाळगली, तर मागील पिढीनें श्रमानें केलेल्या नकला पुढील पिढीस वाचतां येतील.